बागेच्या वार्षिक खर्चाचं आधी बघा
मोठा निधी आणून गावची बाग नव्याने करू, हा प्रस्ताव तळमळीने मांडलाय, पण मला त्यात एक धोका दिसतो. नवं बांधायला पैसे मिळतात. पाणी घालायला, गवत कापायला मिळत नाहीत, आणि बाग उजाड होते ती तिथेच. रोपांना पहिली दोन-तीन वर्षं नियमित पाणी लागतं. ते नसेल तर वृक्षारोपणाचा सगळा खर्च वाया.

म्हणून आधी माळी, पाणी, वीज, दुरुस्ती असा वर्षाचा हिशेब मांडा आणि गावच्या अंदाजपत्रकात त्याची स्वतंत्र तरतूद करून घ्या. देणगी आलीच तर काही रक्कम ठेवीत टाकून नुसतं व्याज वापरा.

खेळणी मात्र आजच बघा. झोपाळ्याची साखळी वर जिथे अडकते, तो आकडा शिडीवर चढून, हात लावून तपासा. मी तपासला तेव्हा तो घासून निम्मा उरला होता, आणि खांबांना रंग मात्र नवाकोरा! झोपाळा तिथल्या तिथे उतरवला. मुलं हिरमुसली, पण इलाज नव्हता.

पालापाचोळा जाळू नका हो. झाडांच्या आळ्यात 5 ते 10 सेंटिमीटर थर पसरा, बुंध्याला न टेकवता. ओल टिकते, पाणी कमी लागतं.

श्रमदान जरूर करा, पण रोजचं काम त्यावर सोडू नका. उत्साह ओसरला की माणसं येईनाशी होतात. एक तरी पगारी माळी हवाच. त्याचा पगार कुठून येणार, हे पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी विचारा.