मदत हवी आहे : स्टाफला फ्लूच्या लशीसाठी कसं तयार करू?

आमच्या वॉर्डात फ्लूच्या लशीची जबाबदारी यंदा माझ्याकडे आलीय. लस फुकट, तरी यादीत निम्मी नावं कोरीच. एका सीनियर सिस्टर म्हणाल्या, "मागच्या वर्षी घेतली आणि दोन दिवस अंग मोडून आलं, लशीनेच फ्लू झाला." इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे फ्लू होऊच शकत नाही, हे सांगून झालं. पटत नाही! दरवर्षी विषाणू बदलतो म्हणून लसही नवी, आणि संरक्षण मिळायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून घाई. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच आपण पेशंटला संसर्ग देऊ शकतो, हे ऐकून मात्र दोघी तयार झाल्या. नाइट ड्यूटीवाल्यांसाठी ट्रॉली घेऊन वॉर्डातच जावं का? सक्ती नको वाटते. तुमच्याकडे काय चाललं?