शहराचं नवं शुल्कपत्रक: महागाई ३ टक्के, मग एक फी थेट ६५ टक्क्यांनी कशी वाढते?

तिसरी घंटा
आमचा हौशी नाटकवाल्यांचा गट आहे. तालमीला शहराचं सार्वजनिक सभागृह तासावर घेतो, आणि वर्षातून एकदा उघड्यावर प्रयोग करतो तेव्हा तात्पुरत्या रंगमंचाची परवानगी काढावी लागते. गटाचे हिशेब माझ्याकडे, म्हणून दरवर्षी नवं शुल्कपत्रक आलं की मीच ते घेऊन बसते.

यंदा पहिल्याच पानावर एक ओळ आहे: 'महागाई निर्देशांकानुसार ३ टक्के वार्षिक सुधारणा'. ठीक. सभागृहाचं भाडं ३ टक्के वाढलंय, तक्रार नाही. पण प्रमाणित प्रतीचे १२ होते ते १३ झाले. हे ८ टक्क्यांच्या वर जातं ना? पोहण्याच्या तलावाची फी जशीच्या तशी. आणि आमची रंगमंचाची परवानगी चक्क ६५ टक्क्यांनी वर!

एकच पत्रक, एकच महागाई, मग हे चार प्रकार कुठून आले? हरकती-सूचनांची मुदत अजून आहे. 'फार वाढवलंत हो' एवढंच लिहून पाठवलं तर ते कुणी वाचणार नाही हे मला कळतं. नेमकं काय विचारावं?

सडेतोड
यात कोडं कसलं? कर वाढवला की बोंब होते, फी वाढवली की फक्त ती भरणारे दोन-चार लोक कुरकुरतात. तलावावर मतदार जातात, रंगमंच तुमच्यासारखे मूठभर उभारतात. झालं उत्तर.

जुना रोजमेळ
सडेतोड म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ६५ हा आकडा तेवढ्याने सुटत नाही. मी निवृत्तीपर्यंत एका शहराच्या लेखा विभागात होतो. हेच पत्रक दरवर्षी माझ्या टेबलावरून पुढे जायचं, त्यामुळे कुठल्या रकान्यात काय दडलेलं असतं ते थोडंफार सांगू शकतो.

आधी १२ चे १३. महागाई लावली की १२ चे १२.३६ होतात. सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून 'वरच्या पूर्णांकात' आणतात, १३. इथवर कुणाचं काही बिघडत नाही. खरी गोम पुढच्या वर्षी. तेव्हा ३ टक्के १२.३६ वर लावायला हवेत, पण लावतात १३ वर. १३.३९, म्हणजे १४. मग १५, १६, १७. पाच वर्षांत १२ चे १७ झाले. पूर्णांक न करता मूळ आकडा मनात धरून चाललो असतो तर १३.९१ आले असते, म्हणजे फार तर १४. छोट्या फीमध्ये हे फार जोरात चालतं, मोठ्या फीमध्ये दिसतही नाही. तेव्हा हरकतीत पहिला मुद्दा हा घाला: पूर्णांकापूर्वीचा दर नोंदवून ठेवा आणि पुढची वाढ त्यावर करा. संगणकावर एक जादा रकाना लागतो, बाकी काही नाही.

आता ६५. हा आकडा दिसला की मी आधी विचारतो, ही फी शेवटची कधी बदलली होती? कारण ३ टक्क्यांनी १७ वर्षं चक्रवाढ केली की बरोबर ६५ टक्के होतात. अनेक ठिकाणी हेच घडतं. निवडणूक आली, वाढ नको. पुढच्या वर्षी मंदी, वाढ नको. त्यानंतर फाइलच कुणी उघडली नाही. मग एक दिवस नवा अधिकारी येतो आणि सगळी थकबाकी एका दमात काढतो. लोक त्याच्यावर चिडतात. दर गोठवून टाळ्या घेणारे केव्हाच घरी गेलेले असतात.

जुनी पत्रकं काढून बघा. शेवटची वाढ कधी होती ते सांगा, मग पुढचं बोलू.

तिसरी घंटा
काका, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद. पूर्णांकाचा खेळ ऐकून आमच्या खजिनदाराने कपाळाला हात लावला.

जुनी पत्रकं संकेतस्थळावर सापडली. रंगमंचाची फी पाच वर्षांपूर्वी बदलली होती, त्यानंतर तशीच. म्हणजे १७ वर्षांची थकबाकी नाही. पाच वर्षांचे चक्रवाढीने १६ टक्केच होतात. उरलेलं काय?

जुना रोजमेळ
छान, आता धागा हाती लागला. १.६५ ला १.१६ ने भागा. साधारण १.४२ येतात. म्हणजे महागाई बाजूला काढूनही ४२ टक्के वाढ शिल्लक राहते, आणि पहिल्या पानावरची ती 'महागाईनुसार' ओळ या फीला लागूच नाही. हिचा पायाच बदललाय.

पाया बदलण्याचे दोन रस्ते असतात. एक, खर्च नव्याने मोजला. दोन, त्या खर्चातला किती हिस्सा अर्जदाराकडून घ्यायचा हे धोरण बदललं. समजा एका परवानगीमागे शहराचा खर्च १०० आहे आणि फी ५०. उरलेले ५० कराच्या पैशातून जातात, म्हणजे रंगमंचाशी काही संबंध नसलेले लोक ते भरतात. आता नगरसेवकांच्या सभागृहाने ठरवलं की वसुली ८० टक्के हवी. खर्च महागाईने १०३ झाला, त्याचे ८० टक्के ८२.४. पन्नासावरून ८२.४ म्हणजे जवळपास ६५ टक्के वाढ! तुमच्या प्रकरणात हेच झालंय असं मी म्हणत नाही, पण असं होऊ शकतं. यात कुणी लबाडी केलेली नाही, मात्र हा निर्णय आहे. निर्णयाला महागाईची टोपी घालून पाठवलं तर मला राग येतो, सेवेत असतानाही यायचा.

खर्च मोजण्याची पद्धतही बघा. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो याच्या नोंदी घेतात. अर्ज तपासणी, जागेची पाहणी, अग्निशमनाचा अभिप्राय, परवाना लिहिणं. त्या वेळाला तासाच्या पगाराने गुणायचं, वर आस्थापना खर्च चढवायचा: इमारत, संगणक, वरिष्ठांचा वाटा. ऐकायला शास्त्रीय वाटतं. प्रत्यक्षात वेळेचे तक्ते आठवड्याच्या शेवटी एका बैठकीत भरले जातात, आणि कुठलंही काम विचारा, उत्तर येतं 'धरा अर्धा तास'. वेळेच्या आकड्यांत सगळीकडे ३० आणि ६० दिसले की समजावं, घड्याळ कुणी पाहिलेलं नाही.

आस्थापना खर्चाचा वाटा त्याहून घसरडा. तो अर्जांच्या संख्येने भागतात. अर्ज कमी झाले की प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतो, फी वाढते, अर्ज आणखी कमी होतात. तात्पुरत्या रंगमंचांचे अर्ज गेल्या पाच वर्षांत घटलेत का, हे विचाराच.

तळटीप
कायद्याच्या बाजूने थोडी भर. फी आणि कर यांतला फरक न्यायालयांनी बराच घासून-पुसून घेतलाय. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात म्हटलं की फी ही दिलेल्या सेवेच्या मोबदल्यात असते, कर हा सरसकट सार्वजनिक कामासाठी असतो. त्यावरून बरेच लोक एक-एक पैशाचा हिशेब मागायला लागले. १९८३ च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स खटल्यात न्यायालयाने ते सैल केलं: तंतोतंत हिशेब जुळायला हवा असं नाही, फी आणि सेवा यांचा ढोबळ संबंध पुरे.

इतरत्र जास्त कडक निकाल आहेत. लंडनच्या बार्नेट भागात रहिवाशांच्या पार्किंग परवान्याची फी ४० पौंडांवरून १०० वर नेली होती. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, कारण जादा पैसा वाहतुकीच्या इतर खर्चासाठी उभा करायचा होता आणि पार्किंगचा कायदा महसूल गोळा करण्यासाठी नाही. कॅलिफोर्नियात सॅन वॉन कॅपिस्ट्रानो शहराचे चढत्या टप्प्यांचे पाणीदर २०१५ मध्ये अपील न्यायालयात टिकले नाहीत, कारण वरच्या टप्प्याचा दर त्या टप्प्याच्या खर्चाशी जोडलेला आहे हे शहराला दाखवता आलं नाही. तिथे १९९६ पासून राज्यघटनेतच तशी अट आहे.

तेव्हा 'फार वाढवलंत' यापेक्षा 'या फीचा खर्चाशी संबंध दाखवा' हे वाक्य कायद्याच्या भाषेत वजनदार ठरतं.

सडेतोड
सगळं मान्य. पण मग तलाव? त्याचा खर्च वाढला नाही का? पाणी तापवायला वीज लागते, जीवरक्षकाला पगार लागतो. तिथे शून्य टक्के. काका, आता तुम्हीच सांगा, मत सोडून दुसरं कारण काय?

जुना रोजमेळ
मत हे एक कारण आहेच, नाकारत नाही. पण तलावाचा बहुतेक खर्च दहा माणसं पोहोत की शंभर, तेवढाच राहतो. फी वाढवून वीस लोक गळले तर उत्पन्न वाढण्याऐवजी घटूही शकतं, आणि मोकळं पाणी तापवत बसायचं. शिवाय पोरांना पोहता यावं यात सगळ्यांचाच फायदा आहे, तो भार करातून उचलणं मला गैर वाटत नाही. रंगमंचाच्या परवानगीचा फायदा प्रामुख्याने अर्जदाराला, असा त्यामागचा विचार असतो. उघड्यावर फुकट नाटक पाहणाऱ्यांना कुठल्या बाजूला मोजायचं, हे त्या तक्त्यात कुणी लिहीत नाही, आणि तिसरी घंटा, तुमच्या हरकतीतला सगळ्यात चांगला मुद्दा कदाचित हाच असेल.

आणखी एक, निर्देशांकाबद्दल. ग्राहक किंमत निर्देशांकात धान्य, कपडे, घरभाडं असतं. शहराचा खर्च मुख्यतः पगारांचा. म्हणून काही शहरं निर्देशांकाऐवजी पगारवाढीचा दर लावतात, ते जास्त प्रामाणिक. शिवाय आकडा मागचा असतो, फी पुढे लागू होते. अमेरिकेत जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्के होती, जून २०२३ मध्ये ३.०. पहिला आकडा धरून बनवलेलं पत्रक दुसऱ्या सुमारास हातात पडलं की लोक म्हणणारच, महागाई उतरली आणि हे लुटायला निघाले! महागाईचा दर उतरला, किमती उतरल्या नव्हत्या. पण ही गोष्ट पत्रकात दोन ओळींत लिहायला कुणाला वेळ नसतो.

एक धोकाही सांगतो, हवं तर हरकतीत घाला. परवानगीची फी फार चढली की लोक परवानगीच काढत नाहीत. मग शहराची फीही बुडते आणि रंगमंच किती वजन पेलेल हे तपासणारं कुणी उरत नाही.

तिसरी घंटा
हे शेवटचं मी आमच्याच ओळखीच्या एका गटात पाहिलंय, म्हणून जास्त बोलत नाही.

मसुदा असा करते: खर्चाचा अभ्यास कधी झाला, जुनी आणि नवी वसुली किती टक्के, अर्जांची संख्या किती, आणि पूर्णांक कशावर करता. फुकट प्रेक्षकांचा मुद्दा वेगळा. वाढ दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने करा असं सुचवू का, की त्याने आपली बाजू लंगडी पडते?

तळटीप
सुचवा, पण शेवटी आणि 'वाढ योग्य ठरल्यास' या शब्दांनी. सुरुवातीलाच लिहिलंत तर ६५ मान्य केल्यासारखं होईल.

सडेतोड
अभ्यास 'अंतर्गत कागदपत्र' आहे म्हणून देणार नाहीत. पैज लावा.

जुना रोजमेळ
अभ्यास नाही दिला तर नगरसेवकांच्या सभागृहापुढे ठेवलेली टिपणी मागा. दरवाढीचा ठराव तिच्याशिवाय मांडला जात नाही, आणि ती गुप्त नसते. त्यात जुन्या आणि नव्या वसुलीचे रकाने असायला हवेत. नसतील, तर सदस्यांनी ६५ टक्के वाढ कशाच्या जोरावर मंजूर केली, एवढा एकच प्रश्न हरकतीत सगळ्यात वर टाका.