तुमचं गाव बेळगावात कधी आलं?

मुंबईत उपनगर म्हटलं की लोकल डोळ्यांसमोर येते. आपल्याकडं लोकल नाही. तरी सकाळी आठला हिंडलगा, येळ्ळूर, कंग्राळी, सांबरा, कुठल्याही रस्त्याला उभं राहिलं तर दुचाक्या, टमटम आणि लोंबकळणाऱ्या बसेस एकाच दिशेला चाललेल्या दिसतात. रोजच्या ये-जा करणाऱ्यांनी इथं लिहावं. प्रश्न एकच: तुमचं गाव 'बेळगावजवळचं' होतं, ते 'बेळगावातलं' कधी झालं, आणि ते कशावरून कळलं?

थोडी पार्श्वभूमी देतो. बेळगाव हे मुळात एकसंध गाव नव्हतंच. किल्ला आणि पेठ वेगळी, १८१८ नंतर इंग्रजांनी वसवलेला कॅम्प, म्हणजे लष्करी छावणी, वेगळा, आणि रुळांपलीकडचं शहापूर तर १९४८ पर्यंत सांगलीच्या पटवर्धनांचं. कपिलेश्वराकडून चालत निघालं की थोड्याच वेळात माणूस संस्थानात पोचायचा. ठळकवाडी, म्हणजे आजची टिळकवाडी, मात्र आखून वसवलेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना तिथं होता. १९१० च्या सुमाराला नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी ती जागा हवी झाली आणि किर्लोस्कर औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेले. तिकडं किर्लोस्करवाडी उभी राहिली, इकडं बंगले. कारखाना घालवून बंगले मिळवले आणि पुढं उद्यमबागेत पुन्हा कारखाने वसवत बसलो, हा सौदा मला आजही कळत नाही. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते ते एकमेव, याच भागात भरलं. त्यासाठी खोदलेली विहीर आज भर वस्तीत आहे.

आता तुम्ही लिहा.

येळ्ळूरवाला

आमच्या गावाला बेळगावातलं म्हटलेलं अजून चालत नाही. राजहंसगड आमचा, बासमती आमचा, कुस्तीचं मैदान आमचं. खरं सकाळी सातला वेशीत उभारलात तर गाव रिकामं होताना दिसतंय.

आमचे बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डर होते. पहाटे शिवारात पाणी फिरवून यायचे, भाकरी बांधून घ्यायचे आणि सायकल काढायचे. पहिल्या पाळीला येळ्ळूर, धामणे, मच्छे, सगळीकडनं सायकलींची रांग लागायची. दिवसभर तापलेलं लोखंड ओतायचं आणि संध्याकाळी परत बांधावर. भात कापणीच्या आठवड्यात रजा मागितली तर मिळायची नाही, म्हणून सगळे एकदम आजारी पडायचे. मालकालाही ते ठाऊक होतं. तो बोलायचा नाही, कारण त्याच्या घरचे बासमतीचे तांदूळ त्याच आजारी माणसांकडनं जायचे.

मी आता सीएनसी मशीनवर काम करतो, हायड्रॉलिकचे पार्ट. मोटरसायकलवरनं जातो, रस्ता तोच. बदललंय ते शिवार. आमचा जुना बासमती शेतात जास्त दिवस राहतो आणि पिकतोही कमी. घरातलं एक माणूस कायम रानात असेल तर तो परवडतो. ज्याला दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात शेती करायची आहे तो लवकर येणारं, भरघोस पिकणारं भात लावतो. लोक म्हणतात बेळगावच्या बासमतीचा वास गेला. वास कुठं जाईल ओ, पेरणारा कामावर गेलाय. त्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरतंय आणि हलगा-मच्छे बायपास सुपीक जमिनीतनं काढलाय. त्यावर बोलायला लागलो तर धागा इथंच संपेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आम्ही बैलं विकली त्या वर्षी. दारात बैलं होती तवर बाबांना कंपनीतनं थेट घरी यावंच लागायचं, वैरण कोण घालणार? बैलं गेल्यावर ते सुटल्यावर शहरात गोवावेसला चहाला थांबायला लागले.

तिसरं गेट

आमचं मोजमाप रेल्वेच्या फाटकावर. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, आमचे पत्ते असेच. फाटक पडलं की टिळकवाडीकर आणि अनगोळकर एकाच उन्हात. आता उड्डाणपूल झाला, ओळखी कमी झाल्या. एवढंच.

शहापूर, खडेबाजार नव्हे, मागची गल्ली

माझी आजी रविवार पेठेत जातानासुद्धा "बेळगावला जाऊन येते" म्हणायची. तिच्या लहानपणी ते खरंच होतं, राज्य वेगळं. घरात हातमाग, नंतर यंत्रमाग. शेजारी सोनार. वडगाव, खासबागपर्यंत मागांचा आवाज आणि गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू सगळं एकदम. मला वाटतं, शहापूर बेळगावात आलं ते कागदावर. आमची माणसं अजून तिकडं "जाऊन येतात".

गणेशपूरची लेक

माझे बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मूळ गाव चंदगड तालुक्यात. निवृत्तीनंतर गावी जायचं की इथं राहायचं, यावर घरात महिनाभर खल चालला. आईनं निकाल दिला: कॅन्टीन, मिलिटरी हॉस्पिटल आणि मुलांच्या शाळा जिथं जवळ, तिथं घर. कॅम्पात घर घेणं शक्यच नव्हतं, म्हणून कॅम्प संपतो तिथं गणेशपूरला प्लॉट. असाच हिशोब करणारे एवढे होते की आमच्या लायनीत समोर हवालदार, शेजारी नायब सुभेदार, कोपऱ्यावर क्लार्क साहेब. सगळे पहाटे पाचला उठणारे. आमच्या गल्लीत दूधवाल्याला कधी बेल वाजवावी लागली नाही.

हिंडलगा, गणेशपूर, विजयनगर हा पट्टा असा निवृत्तीच्या पैशांतून उभा राहिलाय, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ही मोठ्या पगाराची वसाहत नव्हे. फंड आला तेवढ्यात तळमजला, मुलगा भरती झाला की वरचा मजला.

तक्रार एकच. राकसकोप धरणाचं पाणी १९६० च्या दशकापासून आमच्याच बाजूनं शहरात जातंय. आम्ही उन्हाळ्यात टँकरची वाट बघतो. घरांची एवढी गर्दी झाली तरी कारभार ग्रामपंचायतीचा. म्हणजे भाडं विचाराल तर शहराचं, नळ विचाराल तर खेड्याचा. तेव्हा आम्ही बेळगावात आलो की नाही, हे नळालाच विचारा.

धागाकर्ता

गणेशपूरच्या ताई, हे छान सांगितलंत. पगारापेक्षा पेन्शनवर वाढलेलं उपनगर, हे मला सुचलं नव्हतं. सीमेपलीकडचं कुणी आहे का?

शिनोळीची

आहे की! आम्ही महाराष्ट्रात. खरं दवाखाना बेळगाव, कॉलेज बेळगाव, लग्नाचा बस्ता बेळगाव. जिल्ह्याचं ठिकाण कोल्हापूर, तिकडं वर्षातनं एखाद्या दाखल्यापुरतं जाणं. वेंगुर्ला रस्त्याला बाची हे कर्नाटकाचं शेवटचं गाव, त्याला लागून आम्ही.

मी बेळगावात एका दुकानात हिशोब लिहिते. बाचीची माझी चुलत जाऊ पण त्याच बसला असते. जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये बायकांना फुकट झालं. तिच्या आधारवर कर्नाटकाचा पत्ता, तिला शून्य रुपयांचं तिकीट. मी शेजारी बसलेली, मला पूर्ण पैसे. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट असतं, खरं ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढं दोघींनाही पूर्ण पैसे. म्हणून आम्ही आधी बस बघतो, मग ठरवतो आज कुणी चहा पाजायचा.

उलटी गर्दीपण आहे बरं का. शिनोळीत औद्योगिक वसाहत आहे. तिकडची पोरं इकडं कामाला येतात, इकडची तिकडं. सकाळी दोन्ही बाजूंनी टमटम भरलेल्या. फक्त कधी भाषेवरनं पेटलं की पहिल्यांदा बस बंद होते. मग सीमेपर्यंत एक गाडी, पुढं चालत, पलीकडं दुसरी गाडी. १९५६ ला रेघ मारणाऱ्यांनी बायकांच्या चपला मोजल्या नव्हत्या.

आम्ही बेळगावात कधी आलो? सरकारदरबारी कधीच नाही. आणि कामापुरतं बघितलं तर कायमच तिथं.

खानापूरहून

सगळे बसचं लिहिताहेत, मी रेल्वेचं लिहितो. आमच्याकडं १८८० च्या दशकापासून रूळ आहेत. बेळगाव, देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा. म्हणजे मुंबईच्या हिशोबानं खानापूर कधीच उपनगर व्हायला हवं होतं, अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटर. झालं नाही. कारण सांगतो: या मार्गावरच्या गाड्या मिरज, हुबळी आणि गोव्याच्या सोयीनं धावतात, बेळगावच्या ऑफिसच्या सोयीनं नव्हे. पास स्वस्त असतो, खरं सकाळची गाडी एक तर फार लवकर, नाही तर हजेरी लागल्यावर. मीटरगेज होतं तेव्हा तसंच, १९९० च्या दशकात रूळ रुंद झाले तरी तसंच. म्हणून माणूस परत बसस्टँडावर.

आणि जुलैत आमचा पाऊस. छत्री उघडून उपयोग नाही असा. बेळगावात कोरडी माणसं ऑफिसात बसलेली असतात आणि आम्ही दारातच पँटचे पाय पिळतो. साहेब विचारतो, "कुठं पडला एवढा?"

गावाचं म्हणाल तर कौलं आणि मडकी हे आमचं. खानापूरची माती नावाजलेली. घरावर स्लॅब आले, कौलांचं काम कमी झालं आणि ती पोरंही आता सकाळच्या बसला दिसतात. आम्ही बेळगावातले झालो नाही, फक्त त्याचे कामगार झालो.

कंग्राळीची सून

माझ्या सासूबाई डोक्यावर भाजीची बुट्टी घेऊन चालत मार्केटला जायच्या. कोबी, नवलकोल, कोथिंबीर, आणि रताळ्याच्या दिवसांत रताळी. मी त्याच रस्त्यानं स्कूटीवर बँकेत जाते. त्या म्हणतात, "आम्ही गेलो की पैसे घेऊन यायचो, तू पगार झाला की तिथंच बाजार करून येतीस." आता कोबी पण मीच बेळगावातनं आणते, हे त्यांना सहन होत नाही. बरोबरच आहे त्यांचं.

शिनोळीची

गणेशपूरच्या ताई, चंदगडात गाव कुठलं तुमचं? जमीन आहे की विकली?

गणेशपूरची लेक

तुर्केवाडीच्या बाजूला. विकली नाही, भावकीत कसायला दिलीय, बाबांनी थोडा काजू लावलाय. मे महिन्यात जातो सगळे. या वेळी जाताना तुमच्याकडं थांबू, जाऊबाईंनाही बोलवून ठेवा.