२०४० च्या कोल्हापूरवर कथा लिहायलोय, मदत करा

करवीरकर: पुराची कथा हाय, पण पहिली दोन पानं नुसती माहितीच झाल्यात, हवामान कसं बदललं, सरकारनं काय केलं वगैरे, वाचताना मलाच कंटाळा येतोय. काय करू?

नदीकाठ: भावा, ती दोन पानं सरळ काढ. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा, ४३ ला धोका हे इथं पोराटोरांना पाठ हाय आणि २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं तेपण सगळ्यांनी बघितलंय. तुझ्या कथेत एखादी आजी ४३ ऐकूनपण शांतपणे धारा काढत बसूदे, म्हणजे आकड्यांचा अर्थच बदललाय हे न सांगता कळतंय.

वाचनवेडी: +१. आणि सगळंच बदलू नका हो दादा. राधानगरी धरणाचे दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, ते तसेच ठेवा की. एकच गोष्ट नवी घ्या, समजा चिखली-आंबेवाडी ही पुरात सापडणारी नदीकाठची गावं कायमची उठून दुसरीकडं वसलीत, मग शेत कुणाचं, म्हशी कुठं बांधायच्या, दूध कुठल्या डेअरीला, तिथनंच भांडणं निघतील आणि मला तरी तीच वाचायचीत.

करवीरकर: म्हशींचं डोक्यातच नव्हतं, आज रात्री तिथनंच सुरू करतो.