वर्गातली निवडणूक खरी नसेल, तर नागरिकशास्त्र कशासाठी शिकायचे?

प्रश्नांकित:

मी सोळा वर्षांची आहे आणि मला राजकारणात रस आहे. मी जाहीरनामे वाचते आणि मतमोजणीच्या दिवशी प्रत्येक फेरीचे आकडे वहीत उतरवून ठेवते. हे कळले की मोठी माणसे कौतुकाने हसतात आणि "आधी अभ्यास" असे सांगून विषय संपवतात. पण निवडणुकीचा पहिला अनुभव आम्हाला अठराव्या वर्षी मतदान केंद्रावर येत नाही. तो शाळेत, वर्गप्रतिनिधी निवडताना येतो, आणि माझा तरी तो अनुभव वाईट आहे.

यंदा आमच्या वर्गात तीन उमेदवार होते आणि मतदान हात वर करून झाले. पहिले नाव पुकारल्यावर माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीने हात खांद्यापर्यंत उचलला, मागे वळून कोणाकोणाचे हात वर आहेत ते पाहिले आणि केस सारखे केल्यासारखे करून तो खाली घेतला. दुसऱ्या नावाला मात्र तिने हात पूर्ण वर केला. फळ्यावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशी मोजणी झाली, एक मुलगा दोन मतांनी निवडून आला, आणि दुसऱ्या दिवशी "तो बेशिस्त आहे" या कारणावरून त्याच्याऐवजी दुसऱ्याचेच नाव जाहीर झाले. कोणीही काही बोलले नाही. निकाल बदलल्यापेक्षा मला त्या शांततेचे अधिक वाईट वाटले, कारण त्याच आठवड्यात आम्ही गुप्त मतदानाचे महत्त्व पाठ करत होतो.

सर्व उमेदवारांची नावे असलेली छापील मतपत्रिका आणि आडोशाला जाऊन तिच्यावर खूण करण्याची पद्धत १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींत सुरू झाली. ब्रिटनने गुप्त मतदान १८७२ मध्ये स्वीकारले. त्यापूर्वी तेथील मतदाराला आपले मत जमीनदाराच्या किंवा मालकाच्या देखत सांगावे लागे. आमचा वर्ग अजून त्याच काळात बसलेला आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की शाळेतले मतदान गुप्त असावे, उमेदवारीच्या अटी आधी जाहीर कराव्यात पण निकालाला नंतर कोणी हात लावू नये, आणि निवडून आलेल्यांकडे लहानसा का होईना, एखादा खरा निर्णय असावा. मतदानाचे वयही सोळा असावे असे मला वाटते. ऑस्ट्रियाने ते २००७ मध्येच केले. वयाची रेघ पूर्वीही सरकलेली आहे: ब्रिटनमध्ये १९६९ च्या कायद्याने, अमेरिकेत १९७१ मध्ये आणि भारतात १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने ती एकवीसवरून अठरावर आली.

फळा-खडू:

मी बरीच वर्षे शिकवतो आहे. निकाल बदलणे चूकच होते, त्याचे समर्थन मी करणार नाही. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र माझा विरोध आहे.

लोकप्रतिनिधीला सत्ता मिळते तेव्हा तिच्याबरोबर जबाबदारीही येते. त्याला न्यायालयात खेचता येते आणि पुढच्या निवडणुकीत घरी बसवता येते. पंधरा वर्षांच्या प्रतिनिधीचा निर्णय चुकला तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागते. ज्याच्यावर जबाबदारी नाही त्याच्या हाती निर्णय देणे ही लोकशाही नव्हे.

वयाबद्दल बोलायचे तर मानसशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण निरीक्षण असे आहे की शांतपणे विचार करण्याची क्षमता सोळाव्या वर्षापर्यंत बरीचशी प्रौढांसारखी होते, पण मित्रांच्या दडपणाखाली स्वतःला आवरण्याची क्षमता त्यानंतरही काही वर्षे घडत राहते. शाळा म्हणजे तर अखंड मित्रांचा सहवास. आणखी एक अडचण आहे, जी मला स्वतःला जाणवते. निवडणुकीच्या काळात मी वर्गात राजकारणावर बोललो, तर ज्याच्या हातात गुण आहेत त्याचे मत म्हणून मुले ते ऐकतील. म्हणून मी गप्प राहतो, आणि ते गप्प राहणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

प्रश्नांकित:

सर, दडपणाचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. सोबतचे लोक पाहत असताना आमचा निर्णय डळमळतो, म्हणूनच तर आडोसा हवा. ती मुलगी एकटी असती, तर तिला मागे वळून पाहावेच लागले नसते.

तुमच्या मौनाबद्दल मी आदराने सांगते की याला दुसरी वाट आहे. पश्चिम जर्मनीतील बॉयटेल्सबाख या गावी १९७६ मध्ये राजकीय शिक्षणाच्या तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिच्यातून तीन तत्त्वे पुढे आली: शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यांवर लादू नये, समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, आणि विद्यार्थ्याला राजकीय परिस्थिती व स्वतःचे हित तपासता यावे. तुम्ही पहिले तत्त्व पाळता. दुसरे राहून जाते, आणि ती जागा मग आमच्या फोनवर येणारे संदेश भरून काढतात.

दोन मुलींचा बाबा:

माझी धाकटी तेरा वर्षांची असताना वर्गात उभी राहिली. तिला तीन मते पडली आणि तो आकडा सगळ्यांसमोर वाचून दाखवला गेला. त्यातले एक मत तिचे स्वतःचे, म्हणजे जिवलग मैत्रिणींपैकीही सगळ्यांनी दिले नाही, हा हिशेब तिने घरी येऊन बोटांवर मांडला. कितीतरी दिवस ती मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायची. मोठ्यांच्या निवडणुकीत हरलेला माणूस पक्षाकडे परततो. हरलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर, त्याच मुलींशेजारी बसायचे असते. तत्त्वे मांडताना हे कृपया विसरू नका. मतदान गुप्त ठेवा, पण आकडेही गुप्त ठेवा.

प्रश्नांकित:

काका, तुमचे वाचून मी बराच वेळ थांबले, कारण हरणाऱ्याचा विचार मी केलाच नव्हता. तरीही आकडे लपवणे मला पटत नाही. आमच्याकडे निकाल बदलला गेला तेव्हा मूळ आकडा फळ्यावर सगळ्यांनी पाहिला होता, म्हणून तो बदलला हे आम्हाला कळले तरी. मोजणी उमेदवारांच्या समोर व्हावी, त्यांना आकडे लेखी मिळावेत आणि वर्गात फक्त विजेत्याचे नाव सांगावे, असे चालेल का?

काठावरचा:

मूळ लेखात सोळाव्या वर्षीच्या मतदानाला पुरावा कमी आहे, म्हणून थोडी भर. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमतात १६ आणि १७ वर्षांच्या सुमारे १ लाख ९ हजार जणांनी नोंदणी केली होती. ब्रिटनच्या निवडणूक आयोगाच्या पाहणीत या वयाच्या ७५ टक्के जणांनी मतदान केल्याचे सांगितले, तर १८ ते २४ या गटात ते प्रमाण ५४ टक्के होते.

फळा-खडू:

हे आकडे लोकांनी स्वतः सांगितलेले आहेत, आणि देश वेगळा व्हावा की नाही हा प्रश्न पिढीतून एखाद्या वेळीच येतो. एरवीच्या निवडणुकीत तीच मुले तितक्याच उत्साहाने जातील, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

गुप्त मतदान आणि उमेदवारांसमोर मोजणी यांना माझा विरोध नाही. पुढच्या वर्षी माझ्या वर्गात खोक्याला फट पाडून मी ते करून पाहीन. बॉयटेल्सबाखच्या दुसऱ्या तत्त्वावर विचार करतो आहे. पण "एखादा खरा निर्णय" म्हणजे नेमका कोणता, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही.

प्रश्नांकित:

दोन सुचवते. मैदान कोणत्या वर्गाला कोणत्या दिवशी मिळेल याचे वेळापत्रक, आणि ग्रंथालयाच्या वार्षिक पुस्तकखरेदीतील दहावा हिस्सा.

फळा-खडू:

वेळापत्रक देईन. पैसे देणार नाही. हिशेब तपासणीत सही माझी असते.

प्रश्नांकित:

सही तुमचीच राहू द्या, सर. कोणती पुस्तके घ्यायची ती यादी आम्ही ठरवू, बिल तुम्ही तपासा. यादीतले एखादे पुस्तक नाकारायचे असेल तर कारण लिहून सूचना फलकावर लावा, म्हणजे त्यावर आम्हाला लेखी उत्तर देता येईल.