वासा : घराचा आणि खोकल्याचा

प्रश्न : औषधाच्या बाटलीवर 'वासावलेह' वाचलं. अवलेह म्हणजे चाटण, एवढं कळलं. पण यातला वासा कुठला? घर फिरलं की फिरतात ते वासे कुणी चाटत नसणार!

— नाही चाटत. तो वासा पुल्लिंगी, संस्कृत 'वंश' म्हणजे बांबू, त्यावरून आलेला. म्हणून जुन्या लेखनात 'वांसा' असा अनुस्वार दिसतो. बाटलीवरची वासा स्त्रीलिंगी. ती म्हणजे आपला अडुळसा. सामान्यरूपातच फरक उघडा पडतो : 'वाशाचा' म्हटलं की छप्पर, 'वासेचा' म्हटलं की काढा. आणि हो, 'अडुळसाचा रस' नको. ससा-सशाचा, तसं अडुळसा-अडुळशाचा.

— मग 'वासा' या शब्दाचा अडुळसा कसा झाला?

— झालाच नाही. अडुळशाचं घराणं वेगळं. संस्कृतात याच झुडपाला 'आटरूष' असंही नाव आहे. हिंदी अडूसा, गुजराती अरडूसी शेजारी ठेवा, नातं कानालाच कळतं. बंगालीत मात्र 'वासक'वरून बासक राहिलं. मला सगळ्यांत आवडतं ते 'सिंहास्य', म्हणजे सिंहाचं तोंड. फूल हातात धरून पाहा : पांढरं, दोन ओठांचं, खालच्या ओठावर जांभळट रेघा, आ वासलेला जबडाच. (हे 'वासणं' पुन्हा तिसरंच!)

— शास्त्रीय नावातलं 'अधाटोडा' कुठून आलं?

— तमिळमधून. आडु म्हणजे शेळी, तोडा म्हणजे न शिवणारी. पाला इतका कडू की शेळीही तोंड लावत नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 साली 'जस्टिसिया अधाटोडा' असं नाव दिलं. पुढे 'अधाटोडा वासिका'ही रूढ झालं, म्हणजे तमिळ आणि संस्कृत एकाच पाटीवर.

— आणि खोकल्यावर ती खरंच चालते का?

— वासा हाताशी असताना खोकला, क्षय आणि रक्तपित्त (अंगातून रक्त जाणं) झालेल्यांनी खचायचं कशाला, असं एक जुना श्लोक विचारतो. क्षयाबाबत आज त्यावर विसंबू नये, पण खोकल्याचं म्हणणं पोकळ नाही. पानांतल्या क्षाराभाला (अल्कलॉइडला) नाव मिळालं 'वासिसिन', आणि त्याच्याच धर्तीवर कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन तयार झालं. पानं वाफवून किंवा पुटपाक करून (गोळ्याला लेप देऊन विस्तवात भाजून) काढलेला रस मधातून देतात. कच्ची पानं कुटली तर रस फारसा सुटत नाही, हात मात्र हिरवे होतात. गरोदरपणात घेऊ नये, वासिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं.

— म्हणजे 'वासाचा अवलेह' लिहिलं तर चूक?

— चूकच. त्याचा अर्थ 'वास येणारं चाटण' होईल. तसा तो येतोही, ते सोडा.