स्वामी फंड येईल तेव्हा येईल, भाड्याचं काय?

कुलकर्णी ए-12: नमस्कार. रीडेव्हलपमेंटसाठी घर खाली केलं, पण बिल्डरकडून याही महिन्याचं भाडं आलेलं नाही. इकडे घरमालक ॲग्रीमेंट रिन्यू करताना वाढवून मागतोय आणि पेन्शनमधून किती भरणार. सेक्रेटरी साहेब उत्तर द्यावे.

सावंत सेक्रेटरी: काका नमस्कार. बिल्डरशी रोज बोलणं चालू आहे. फ्लॅट विकले जात नाहीयेत म्हणतात, मार्केट थंड आहे. 2025 च्या बजेटमध्ये अडकलेल्या गृहप्रकल्पांसाठी केंद्राचा 15,000 कोटींचा स्वामी फंड 2 जाहीर झालाय, त्यातून पैसे उचलायचा त्यांचा प्रयत्न आहे. थोडं सांभाळून घ्या 🙏

देसाई बी-9: स्वामी पावले म्हणायचे 😄 गुरुवारी नारळ फोडू

पाटील काकू ए-4: देवाधर्माची चेष्टा ग्रुपवर नको.

देसाई बी-9: सॉरी काकू

राणे बी-7: 2021 ला पण हेच ऐकलं. दीपक पारेख समितीने सांगितलं म्हणून राज्य सरकारने बांधकाम परवानगीसाठी बिल्डरने भरायचा प्रीमियम निम्म्यावर आणला, आपल्या बिल्डरने डिसेंबरच्या आत धावतपळत भरला. बदल्यात अट काय तर नवीन ग्राहकांची स्टॅम्प ड्युटी बिल्डरने भरायची. जुन्या सभासदांच्या भाड्याबद्दल चकार शब्द नाही. घर खाली केलं आपण आणि सवलत गेली भलतीकडे.

सावंत सेक्रेटरी: राणे, सरकारने काहीच केलं नाही असं नाही. सप्टेंबर 2020 ला स्टॅम्प ड्युटी 5 वरून 2 टक्के केली तेव्हा खरेदीला किती गर्दी झाली होती.

राणे बी-7: आणि मार्च 2021 ला ती सवलत संपली. आपला चौथा स्लॅब पडला तो शेवटचा. सळया गंजल्यात, जाऊन बघा एकदा.

कुलकर्णी ए-12: भाड्याचं काय झालं?

नेहा बी-3: सावंत काका, स्वामी फंड म्हणजे अनुदान नाही, व्याजाचं कर्ज आहे. पहिला 25,000 कोटींचा, नोव्हेंबर 2019 ला जाहीर झाला, त्यात केंद्राचे 10,000 कोटी, चालवते एसबीआयची कंपनी. अर्ज बिल्डरनेच करायचा, सोसायटी नाही करू शकत. ते आधी हिशोब बघतात की न विकलेले फ्लॅट आणि ग्राहकांकडून येणं, यातून उरलेलं बांधकाम आणि देणी भागतात का. पहिल्या फंडात मुंबईसाठी फ्लॅट 2 कोटींच्या आतला हवा होता, आपल्याकडे वरचे जोडी फ्लॅट त्यात बसतील का शंकाच आहे. शिवाय काम संपत आलेल्यांना आधी देतात, आपलं तर चौथ्या स्लॅबवर.

जोशी ए-8: सहकार कायद्याच्या कलम 79अ खाली रीडेव्हलपमेंटच्या सूचना आहेत, त्यात बिल्डरकडून 20 टक्के बँक गॅरंटी घ्यायची लिहिलीय. मी सभेत उभा राहून विचारलं होतं तर कमिटीतून उत्तर आलं की बिल्डर आपला माणूस आहे. ती गॅरंटी असती तर आज कुणाच्या फंडाची वाट बघावी लागली नसती.

सावंत सेक्रेटरी: जोशी साहेब, कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडची एकरकमी रक्कम, वाढवून मिळतेय म्हटल्यावर सही तुम्हीही केलीत. सगळं कमिटीवर ढकलू नका, आम्ही फुकट राबतोय.

जोशी ए-8: मी विरोध नोंदवलाय. मिनिट्स काढा.

पाटील काकू ए-4: अहो भांडताय काय, आमच्या ह्यांना नवं घर बघायला तरी मिळू देत.

कुलकर्णी ए-12: भाड्याचं काय ते सांगा. बाकी नंतर.

नेहा बी-3: कुलकर्णी काका, तेच सांगतेय. कर्ज मंजूर झालंच तर पैसे देखरेखीखालच्या खात्यात येतात आणि बांधकामाला जातात. आपल्या भाड्याची थकबाकी बिल्डरने देण्यांच्या यादीत दाखवलीच नाही तर त्या हिशोबात ती कुठे दिसणारच नाही, मग इमारत वर जाईल आणि मागचं भाडं बुडेल. म्हणून आत्ताच लेखी विचारायचं, अर्ज केला का, कोणत्या तारखेला, आणि यादीत आपली रक्कम किती धरलीय. फोनवरचं बोलणं आता बंद.

राणे बी-7: 👍 विशेष सभा लावा. ठराव करूनच पाठवा.

सावंत सेक्रेटरी: ठीक आहे, आज कमिटीशी बोलून नोटीस काढतो. नेहा, पत्राचा मसुदा कर. सगळ्यांनी डीएची (बिल्डरशी केलेल्या डेव्हलपमेंट ॲग्रीमेंटची) झेरॉक्स आणि पासबुकच्या एंट्र्या आणा.

देसाई बी-9: आम्ही नाशिकला आहोत, सभेची ऑनलाइन लिंक टाकाल का?